निरंक

यादीत बारा कलमं होती. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या एका कंपनीची नोकरी मी स्वीकारली आणि दोनच दिवसांत त्यांनी नेमलेल्या सल्लागार बाईंची मेल आली. कागदपत्रं गोळा करायला सहा आठवडे देते, म्हणाल्या. २०२३ चा फेब्रुवारी होता.

मी उत्साहाने पदव्यांची फाईल काढून बसले. बी.ई.च्या आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, मायग्रेशन सर्टिफिकेट, सगळं बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट बांधून ठेवलेलं. यादीशी ताडून पाहिलं तर त्यातलं काहीच लागणार नव्हतं. परवान्याचं नाव 'केनिसमिग्रांट', म्हणजे ज्ञान घेऊन येणारा स्थलांतरित. पण ते ज्ञान कुणी तपासत नाही. कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या, म्हणजे आयएनडीच्या, मान्यताप्राप्त यादीत आहे ना आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर आहे ना, एवढंच बघतात. त्या वर्षी तिशी ओलांडलेल्यांसाठी हा आकडा महिना ५००८ युरो होता.

सातवं कलम होतं: जन्मदाखला, अपॉस्टिलचा शिक्का मारलेला.

माझ्याकडे जन्मदाखला नव्हता. छत्तीस वर्षं त्यावाचून काही अडलंही नव्हतं. शाळेत नाव घालताना बाबांनी तारीख सांगितली, ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली, तिथून दहावीच्या प्रमाणपत्रावर, तिथून पासपोर्टवर. माझा जन्म २६ जानेवारी १९८९ च्या आधीचा, त्यामुळे पासपोर्टलाही जन्मदाखल्याची सक्ती नव्हती. मी जन्मले हे सगळ्यांनी दहावीच्या बोर्डाच्या भरवशावर मान्य केलेलं. आता मात्र आइंडहोव्हनच्या पालिकेला मूळ कागद हवा होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, या न्यायाने माझा जन्म आजोळी झाला. सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात. मी त्या गावात सलग महिनाभरसुद्धा राहिलेली नाही. मे महिन्यात आठ-पंधरा दिवस जायचे, तेवढंच. पुण्याहून पहाटेची एसटी पकडून गेले. मामा स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभेच होते. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी १९८७ ची जन्माची नोंदवही काढली आणि जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत दोनदा पालथी घातली. माझ्या आधी आठ दिवस आणि नंतर पाच दिवस जन्मलेली पोरं सापडली. मी नव्हते.

आईला फोन लावला.

"अगं, घरी कुठं झालीस तू," आई म्हणाली. "सुईण बोलावली होती, पण रात्री अडलं. मग पाटलांच्या जीपमधनं तालुक्याला नेलं मला. तिथं झालीस."

"हे तू मला छत्तीस वर्षांत कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस का कधी?"

शेजारी उभे असलेले मामा म्हणाले, "मीच तर बसलो होतो जीपच्या मागं."

मामांनाही ते तोवर सांगावंसं वाटलं नव्हतं! जन्माची नोंद आईवडील राहतात तिथे होत नाही, जन्म झाला त्या जागी होते. जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगते, कारण आजोळी जन्मलेल्या निम्म्या महाराष्ट्राचा इथे पहिला दिवस वाया जातो.

तालुक्याच्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू विभाग जिन्याखाली. नोंदवह्या लाल कापडात बांधलेल्या, कापडाचा रंग हाताला लागतो. क्लार्कने दात कोरायची काडी तोंडातून न काढता वर्ष विचारलं, महिना विचारला आणि तिसऱ्या मिनिटाला पानावर बोट ठेवलं. निळ्या शाईतली, डावीकडे झुकलेल्या अक्षरातली एक ओळ. लिंग: स्त्री. वडिलांचं नाव बरोबर, आडनावासकट. माहिती देणाऱ्याच्या रकान्यात मामांची सही, ते तेव्हा एकोणीस वर्षांचे. आणि 'बाळाचे नाव' या रकान्यात कुणीतरी सुबकपणे लिहून ठेवलं होतं: निरंक.

यात चूक कुणाचीच नाही. जन्माची खबर एकवीस दिवसांत द्यायची असते, मामांनी ती चौथ्या दिवशीच दिली. बारसं बाराव्या दिवशी. नाव ठेवायचा मान आत्याचा, ती पुण्याहून येणार, तिने कानात कुर्र करून 'वृषाली' म्हणेपर्यंत पालिकेच्या हिशेबी मी निरंकच असणार. त्या बारशाच्या गडबडीत, घुगऱ्या-पेढ्यांत, पुन्हा तालुक्याला जाऊन नाव लावून यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. क्लार्क म्हणाला, "म्याडम, या वहीत शंभरातल्या साठांची नावं न्हाईत. तुमच्यासारखी लोकं परदेशी निघाली की मग येत्यात."

पण मी अडकले ती त्याच्या शेजारच्या रकान्यात. आईचं नाव: तारा.

माझ्या आईचं नाव सुनंदा. रेशनकार्ड, आधार, पेन्शनचं बँक पासबुक, माझ्या पासपोर्टचं शेवटचं पान, सगळीकडे सुनंदा. तारा हे तिचं माहेरचं नाव. १९८४ साली लग्नात सासरच्यांनी बदललं, तेव्हाच्या रीतीप्रमाणे. तिला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

मामांकडे बघितलं तर ते शांतपणे म्हणाले, "मग काय सांगणार मी? आक्काचं नाव ताराच हाय."

माझ्याही लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने एक नवं नाव लिहिलं गेलं होतं. फोटो चांगला आलाय. ते नाव मी कुठल्याच कागदावर चढवलं नाही आणि त्या तांदळाचा नंतर भात झाला की पक्ष्यांना गेले, कोण जाणे. आईच्या वेळी तांदळातलं नाव कागदावर उतरलं आणि कागदावरचं गेलं. एका वहीत राहिलं, तेही तिच्या धाकट्या भावाला घरी वापरतात ते नाव सांगायची सवय होती म्हणून.

आता दोन कामं होती आणि दोन्हींचे नियम वेगळे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या १४ व्या कलमाखाली बाळाचं नाव नंतर लावता येतं. नियमात त्याला पंधरा वर्षांची मुदत आहे, पण माझ्यासारख्या जुन्या नोंदींसाठी सरकारने मुदतवाढ दिली होती, ती चालू होती. शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, अर्ज, विलंब शुल्क, झालं. आईच्या नावाची दुरुस्ती मात्र १५ व्या कलमाखाली. त्यात मूळ नोंद खोडायची नसते. समासात नवी नोंद करायची, निबंधकाने तारखेसह सही करायची आणि खरं काय ते माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांनी तसं लिहून द्यायचं. कागदावरचं जुनं तसंच ठेवून शेजारी नवं लिहायचं, ही पद्धत मला फार आवडली. पण तिला वेळ लागणार होता आणि माझ्या सहा आठवड्यांतले दोन संपले होते.

क्लार्कनेच सल्ला दिला. "तिकडं तुमचं नाव बघणार का आईचं? तुमचं लावून घ्या. आईचं राहू द्या हाय तसं, अॅफिडेव्हिट करून जवळ ठेवा."

सल्लागार बाईंना मेल टाकली. त्यांचं उत्तर आलं की आईचं नाव गौण आहे, पण तुझं संपूर्ण नाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने दाखल्यावर हवं, आडनावासकट.

इथे दुसरा पेच. पालिकेत बाळाचं नाव म्हणून फक्त पहिलं नाव टाकायची पद्धत. बापाचं नाव, आडनाव शेजारी आहेच की! आपल्याला ते सरळ दिसतं: वृषाली, मग बाबा, मग आडनाव. तिकडच्या माणसाला फक्त 'वृषाली' दिसतं आणि तो विचारतो, हिचं आडनाव कुठे आहे? कॉम्प्युटरवर बसलेल्या मुलाला हे पटायला वेळ लागला. "सगळ्यांना असंच देतो, म्याडम." मग त्याने टाकलं. मराठीत टाकलं, शेजारी इंग्रजीत टाकलं आणि छापायला देणार तेवढ्यात मी वाकून पडद्यावर बघितलं. व्हीआरआय.

ज्यांच्या नावात ऋ आहे त्यांना हे दुखणं कळेल. आपण म्हणतो वृ, म्हणजे 'व्रु', म्हणून व्हीआरयू. उत्तरेकडे तोच उच्चार 'व्रि', म्हणून व्हीआरआय. कृष्णा, तृप्ती, हृषीकेश, सगळ्यांची ही गत. माझ्या पासपोर्टवर यू आहे. एका आयच्या फरकाने मी आइंडहोव्हनमध्ये दुसरीच कुणीतरी ठरले असते. "आय काढून यू टाका," म्हटलं, तर तो म्हणाला, "कॉम्प्युटर आपोआप घेतो ते." तरी टाकलं. प्रिंट निघण्याआधी प्रत्येक अक्षर बोट लावून वाचा. एकदा निबंधकाची सही झाली की त्या एका अक्षरासाठी पंधराव्या कलमाच्या दारात उभं राहावं लागतं.

अॅफिडेव्हिटसाठी आईला कोर्टाजवळच्या नोटरीकडे घेऊन गेले. शंभराचा स्टॅम्पपेपर, त्यावर टाइप केलेला मजकूर: तारा आणि सुनंदा ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. सोबत पुरावा म्हणून तिची लग्नपत्रिका आणली होती. कागद पिवळा पडलेला, वर गणपती, खाली 'चि. सौ. कां. तारा'. नोटरी म्हणाले, करा सही. आईने विचारलं, कुठली?

नोटरींना हा प्रश्न नवा नसावा. म्हणाले, "हल्लीची करा हो."

आईने सुनंदा म्हणून सही केली. पण आमचा नंबर यायच्या आधी ती बाकावर पडलेल्या पेपरच्या कोऱ्या कडेवर पेनाने काहीतरी गिरवत बसली होती. मला वाटलं, पेन चालतंय का बघतेय. उठताना पाहिलं तर पाच-सहा वेळा 'तारा' लिहिलं होतं, 'रा'चा काना प्रत्येक वेळी वेगळा. दहावीनंतर केलीच नव्हती ती सही, म्हणाली.

अपॉस्टिल म्हणजे काय हे मला आधी माहीत नव्हतं, तेव्हा सांगते. आपला कागद खरा आहे हे परदेशी सरकारला पटावं म्हणून हेग कराराप्रमाणे त्यावर एक शिक्का मारतात. भारत त्या करारात २००५ पासून आहे. आपल्याकडे आधी राज्य सरकारने, माझ्या बाबतीत मंत्रालयातून, दाखल्यावरची सही खरी असल्याचं प्रमाणित करायचं, मग परराष्ट्र मंत्रालय कागदाच्या मागे क्रमांक असलेला एक छापील स्टिकर चिकटवतं. परराष्ट्र मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपये. अर्ज नेमून दिलेल्या एजन्सीमार्फतच करावा लागतो आणि राज्याचा शिक्काही मी त्यांच्याकडूनच करून घेतला. त्यांच्या बिलाचा आणि त्या ५० रुपयांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण मंत्रालयात दोन खेपा घालायला माझ्याकडे रजा उरली नव्हती.

तीन कागद द्यायचे होते: माझा जन्मदाखला, लेकीचा जन्मदाखला, आमचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लेकीचा दाखला पुण्याचा, पाच वर्षांपूर्वीचा, नावासकट, निर्मळ. विवाह प्रमाणपत्र बघून एजन्सीतल्या मुलीने मान हलवली. ते लॅमिनेट केलेलं होतं. आमच्या सासऱ्यांनी, 'महत्त्वाचा कागद आहे, खराब होईल' म्हणून, लग्नानंतर आठवड्याभरात स्वतः दुकानात उभं राहून करून आणलेलं. प्लॅस्टिकवर ना शिक्का बसतो ना स्टिकर. सोलायला गेलं की कागदही सोलून निघतो. पुन्हा वॉर्ड ऑफिस, पुन्हा अर्ज, नवी प्रत. सासऱ्यांना आम्ही अजून सांगितलेलं नाही. आपल्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनी लॅमिनेशनवर जेवढा विश्वास टाकला, तेवढा बँकेवरसुद्धा टाकला नसेल.

पुढचं फार भरभर झालं. कंपनीने आयएनडीकडे तिघांचे अर्ज एकदमच केले. पूर्ववृत्ताचं एक घोषणापत्र सही करून द्यायचं असतं: कधी शिक्षा झाली आहे का, युद्धगुन्ह्यांत, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत सहभाग होता का. नवऱ्याने ते गंभीरपणे वाचून विचारलं, "सोसायटीच्या कमिटीवर दोन वर्षं सेक्रेटरी होतो, ते धरायचं का?" पोलिसांचा दाखला लागेल म्हणून मी पासपोर्ट सेवाच्या साइटवरून ५०० रुपये भरून काढून ठेवला होता. तो कुणी बघितलाही नाही. दोनेक आठवड्यांत मंजुरी आली. मुंबईच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे, फोटो, आणि पासपोर्टवर एमव्हीव्हीचा, म्हणजे तिकडच्या प्रवेश-व्हिसाचा, स्टिकर. तो ९० दिवसांचा. तेवढ्यात तिकडे पोचायचं, खरं कार्ड तिथे मिळतं.

जुलैत पोचलो. चार महिन्यांहून जास्त राहणाऱ्याने पाच दिवसांच्या आत पालिकेत नोंद करायची असा नियम आहे. पालिकेला 'गेमेंटे' म्हणतात. लिहितात ग, म्हणताना घसा खाकरल्यासारखा ख. आइंडहोव्हनमध्ये बाहेरून नोकरीला येणाऱ्यांसाठी हॉलंड एक्स्पॅट सेंटर साउथ नावाची सोय आहे, तिथे पालिका आणि आयएनडी ही दोन्ही कामं एकाच भेटीत होतात. हे मला फार सुखाचं वाटलं. आपल्याकडे एका छताखाली योजना असते, पण छत बहुधा गळत असतं.

टेबलापलीकडे साठीकडे झुकलेले एक गृहस्थ. त्यांनी तिघांचे पासपोर्ट ओळीने मांडले आणि दोन मिनिटं नुसतेच बघत राहिले.

"तुमचं मधलं नाव..." ते इंग्रजीत म्हणाले.

"माझ्या वडिलांचं."

"आणि तुमच्या पतींचं?"

"त्यांच्या वडिलांचं."

"मुलीचं?"

"तिच्या वडिलांचं. हे बसलेत ना, त्यांचं."

त्यांनी एक कागद ओढून त्यावर बाण काढले. मग त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला आणि ते आपल्या शेजारणीला डचमध्ये काहीतरी समजावू लागले. माझं आणि लेकीचं आडनाव वेगळं का, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. नंतर कळलं की तिकडे सरकारी नोंदीत बाईचं जन्माचं आडनाव लग्नानंतरही तसंच राहतं. पत्रांवर नवऱ्याचं लावा न लावा, ती ज्याची त्याची हौस. दहा वर्षं मला पुण्यात बँकेपासून गॅस एजन्सीपर्यंत ज्याचं स्पष्टीकरण द्यावं लागत होतं, ते इथे सांगावंच लागलं नाही.

मग त्यांनी माझा जन्मदाखला उलटा करून अपॉस्टिलचा स्टिकर बघितला. पुढून वाचला. आणि सहज म्हणून माझा पासपोर्ट शेवटच्या पानावर उघडला. युरोपातल्या लोकांना तिथे काही असतं हे सहसा ठाऊक नसतं. यांना होतं.

"इथे आईचं नाव वेगळं आहे."

मी तयारीतच होते. अॅफिडेव्हिट पुढे केलं. त्यांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

"लग्नानंतर नाव बदललं. समजू शकतो. आमच्याकडे माझ्या आजीने बदललं होतं, आडनाव."

"आईचं पहिलं नाव बदललं."

"पहिलं?"

"हो."

"का?"

मला याचं इंग्रजीत उत्तर येईना. खरं तर मराठीतही येईना. रीत होती, म्हटलं. त्यांनी मान डोलावली, पण समजल्यासारखी नाही. मग स्टॅम्पपेपर हळूच माझ्याकडे परत सरकवला. जन्माच्या कागदावर जे असेल ते आम्ही धरतो, म्हणाले, नंतरचे कागद त्याच्यापुढे उभे राहत नाहीत. आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले.

ठसे घेतले, सह्या झाल्या. बीएसएन, म्हणजे तिथला नागरिक क्रमांक, हातात आला आणि त्या आकड्याबरोबर बाकीची दारं उघडत गेली. बँक, चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागणारा आरोग्यविमा, डिजिडी नावाचं सरकारी लॉगिन. त्याचा सक्रिय करायचा कोड अजूनही पोस्टाने, कागदावर, घरी येतो. जीजीडी या आरोग्य खात्यात क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे झाला. पगारावरच्या तीस टक्के करसवलतीचा अर्ज रुजू झाल्यापासून चार महिन्यांत केला तर पहिल्या दिवसापासून लागू होतो, तो कंपनीने केला. नवऱ्याच्या कार्डावर लिहून आलं की याला कुठलंही काम करायला मुभा आहे. माझ्या कार्डावर, फक्त केनिसमिग्रांट म्हणून. त्याने ते कार्ड आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवलं होतं.

पत्रं यायला लागली ती आद्याक्षरांवर. वृषालीचा व्ही, त्यापुढे बाबांच्या नावाचं आद्याक्षर, मग आडनाव. म्हणजे बाबा माझं दुसरं नाव झाले. डॉक्टरांच्या दवाखान्यात एकदा माझ्या वडिलांच्या नावाचा पुकारा झाला आणि मी सवयीने आजूबाजूला बघितलं, बाबा कुठे आहेत म्हणून. ते पुण्यात होते, दुपारचे झोपलेले.

नोंद झाल्यावर काही आठवड्यांत पालिका एक जाड पाकीट पाठवते. तुमच्याबद्दल आमच्याकडे काय काय लिहिलंय ते सगळं, फुकट, तपासून बघा आणि चूक असेल तर कळवा. प्रकरणांना आकडे घातलेले असतात: एक म्हणजे तुम्ही, दोन म्हणजे पहिला पालक, तीन म्हणजे दुसरा. मी माझं नाव व्हीआरयूपासून अक्षर अक्षर वाचलं. बरोबर होतं. मग दुसरं प्रकरण.

जन्मदाखल्यावर आईचं नाव नुसतं 'तारा' होतं. पुढे काही नाही. तिकडे नियम असा की कुणाचं एकच नाव असेल तर ते आडनावाच्या रकान्यात जातं. पालिकेच्या त्या पानावर आडनाव: तारा. आणि पहिलं नाव, त्या रकान्यात काहीच नव्हतं.

रात्री, म्हणजे तिच्या पहाटे, व्हिडिओ कॉल लावला आणि पान कॅमेऱ्यासमोर धरलं. आई डोळे बारीक करून बघत होती.

"टी ए आर ए," तिने वाचलं. "आणि पुढं?"

"पुढे नाही. मागेही नाही. तेवढंच."

ती थोडा वेळ गप्प होती. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बारीक केला आणि परत आली.

"आणि तुझे बाबा?"

"ते पुढच्या पानावर. अख्खे."

"असू दे," आई म्हणाली. "तुझ्या मामाला एक फोटो टाक त्याचा."